इंजनातला गुलाल

सत्तरच्या दशकात जालन्याकडच्या टेंभुर्णीजवळ आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजन होतं. दर दसऱ्याला धाकटे दीर त्याची पूजा करून मुठी भरभरून गुलाल उधळायचे. हवेची जाळी धुणं, तेल बदलणं मात्र कधीच नाही. तेल कमी झालं की जुन्या काळ्यातच नवं ओतायचे.

एका वर्षी गहू ओंबीवर आला आणि इंजन काळा धूर ओकून बंद पडलं. जालन्याचा मिस्त्री आठ दिवसांनी येणार होता. गव्हाला तर दोन दिवसांत पाणी हवं होतं. मिस्त्रीचं काम मी आधी जवळ उभं राहून पाहिलं होतं. मी पाना उचलला.

"वहिनी, ठेवा तो. बाईचा हात लागला की इंजन बिघडतं," दीर म्हणाले.

"रोज तुमचाच लागतो ना भाऊजी? मंग कुठं चालून राह्यलं?"

खालचा बोल्ट काढून काळं तेल घमेल्यात सोडलं. हवेची जाळी उघडली, तर तिच्यात गुलालाचा चिकट लगदा. ती डिझेलमध्ये धुतली, नवं तेल खुणेपर्यंत भरलं आणि हँडल मारलं. दीर जागचे हलले नाहीत. तिसऱ्यांदा मारल्यावर इंजन धडधडलं आणि पाटात पाणी पडलं.

"हँडल मी मारलं असतं," दीर म्हणाले.

"आता जल्दी जाऊन दारं धरा, पाणी गव्हाच्या वाफ्यांत वळवा."

पुढच्या दसऱ्याला मी आधी तेल बदललं, जाळीवर फडकं घट्ट बांधलं आणि मगच हाक मारली, "या भाऊजी, करा पूजा."