मोकळा पाट

आधीच सांगून टाकते, मी ह्या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांतली आहे. पिंपळावरची बाई, रस्त्यात गाडी थांबवणारा म्हातारा... असलं काही छापून आलं की मी ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवते आणि सगळ्यांची करमणूक करते. मी हायस्कूलला ड्रॉइंग शिकवते. आमच्या भागातल्या माणसाला भुताची गोष्ट सांगायला बसवलं की तो जेवायचं विसरतो, आणि मला नेमका त्याचाच राग येतो. तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

घर मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्याला, थोडं आत. गावाचं नाव देत नाही, सगळे ओळखीचे आहेत. घराच्या उजव्या अंगाला लांब पडवी आहे, तीच आमची गणपतीची शाळा. आमच्याकडे गणपती दुकानातून आणत नाहीत. पावसाळा लागला की एकेक घर आपापला लाकडी पाट शाळेत आणून देतं. त्या पाटावर त्या घरचा गणपती घडतो आणि चतुर्थीला माणसं येऊन तो पाटासकट डोक्यावर घेऊन जातात. विसर्जनाला मूर्ती पाण्यात, पाट परत घरी. म्हणजे माती मळायच्या आधीच प्रत्येक मूर्तीचं घर ठरलेलं असतं.

ही शाळा माझ्या वडिलांची, आबांची. तरुणपणी ते मुंबईत गिरणीत होते. संपात गिरणी सुटली तसे गावी आले आणि आजोबांची बंद पडलेली शाळा पुन्हा सुरू केली. मी एकुलती एक, लग्न केलेलं नाही (कारणं इथे नकोत). माती मळण्यापासून सोंडेच्या वळणापर्यंत सगळं मला शिकवलं त्यांनी. फक्त आखणी नाही. आखणी म्हणजे डोळे काढणं, सगळ्यात शेवटचं काम. ते झालं की मातीचा देव होतो, असं आमच्यात मानतात. आखणीच्या दिवशी आबा एकटे बसायचे आणि मी रंगाच्या वाट्या धुवायचे. विचारलं की म्हणायचे, "वेळ आसा गो अजून." मी चाळिशी ओलांडली तरी वेळच होता. मी बाई आहे म्हणून, की माझा हात त्यांना पटत नाही म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची, दुसरं काय.

आबांची आखणी ओळखणं सोपं आहे. वरच्या पापणीची रेघ ते एका दमात ओढतात, दोन्ही डोळ्यांना डावीकडून उजवीकडे. ब्रश टेकतो तिथे जाड, सुटतो तिथे केसासारखी बारीक. त्यामुळे त्यांच्या गणपतीचे दोन डोळे कधी अगदी सारखे नसतात. आपण आत आलो म्हणून त्याने नुकतंच वळून बघितलंय असं वाटतं.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी आबांची उजवी बाजू गेली. ओरोसच्या दवाखान्यात ठेवलं. जीव वाचला, जीभ हळूहळू सैल झाली, हात मात्र आला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण माझ्यादेखत आईला विचारायचा, "मगे औंदा आखणी कोण करतलो?" मी तिथेच चहाचे कप घेऊन उभी. जणू मी भिंतीवरचं कॅलेंडर.

त्याच सुमारास लाइपझिगचं ठरलं. जर्मनीतली कारीन नावाची एक शिल्पकार दोन वर्षांपूर्वी मालवणला समुद्रातली प्रवाळं बघायला आली होती. पावसात अडकली आणि आमच्या शाळेत येऊन बसली ती माती हातात घेऊनच उठली. तिच्या स्टुडिओत उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करायला ये, खर्च आमच्याकडे, असं तिचं पत्र आलं. मी नाही म्हणणार होते, पण आबाच म्हणाले, "जा. परत परत कोण बलवता? पाट येवच्या आदी इलंस म्हणजे झाला." मावशी घरी राहायला आली आणि मी गेले.

लाइपझिग मला आवडलं, खोटं कशाला बोलू. एकेकाळी कारखान्यांचं शहर, मग अर्धं ओस पडलं, घरं रिकामी, भाडी स्वस्त. मग तिथे चित्रकार, गाणारे, नाटकवाले येऊन राहिले आणि आता जो तो म्हणतो, जायचं तर लाइपझिगला. कारीनचा स्टुडिओ एका जुन्या सूतगिरणीत होता. लाल विटांच्या इमारती, अंगणात गवतात बुडालेले रूळ, जवळच कालवा आणि त्यात होड्या वल्हवणारी पोरं. आमच्याकडे गिरण्या बंद पडल्या तिथे टॉवर उभे राहिले, ह्यांच्याकडे चित्रं. पण कारीन म्हणाली, भाडी आता वाढायला लागलीत, आधी आम्ही येतो, मग पैसेवाले येतात आणि आम्हाला बाहेर काढतात. मी म्हटलं, आमच्या किनाऱ्यावर येऊन बघ, घरोघरी मातीच्या चुली.

शेवटी स्टुडिओ लोकांना खुले करतात, त्यासाठी मी गणपती करायला घेतला. माती तिथलीच. पाट म्हणून गिरणीच्या भंगारातली एक जाड फळी घेतली. मूर्ती उभी राहिली तशी व्हिडिओ कॉलवर आबांना दाखवली.

"पाट कोणाचो?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"कोणाचो नाय, आबा. हयच्या गिरणीतली फळी आसा."

"मगे तो जातलो खंय?"

मी हसले. "खंयच जावचो नाय. हयच रवतलो, लोकांका बघूक."

आबा हसले नाहीत. फोन तोंडाजवळ आणून म्हणाले, "डोळे काढ तेचे."

मी काढले नाहीत. आयुष्यातली पहिली आखणी, तीही परक्यांच्या देखत... हात पुढे होईना. वर कारीनला मी एक छानसं तत्त्वज्ञान ऐकवलं. डोळे उघडले नाहीत म्हणजे ही नुसती माती, म्हणून विसर्जनाची गरज नाही. तिथल्या मंडळींना ते इतकं आवडलं की त्यांनी त्यावर चर्चासुद्धा केली. पी हळद हो गोरी म्हणतात तशी मी लगेच कलावंत झाले.

पण खरं सांगते, मूर्ती उभी राहिल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. घरातला गॅस चालू ठेवून प्रवासाला निघाल्यासारखं सारखं वाटायचं. ट्राममध्ये बसले की उतरावंसं वाटे, कालव्याकाठी फिरायला गेले की परत फिरावंसं. स्टुडिओत त्याच्याकडे पाठ करून काम जमेना. भीती नव्हती, कुणाला तरी ताटकळत ठेवल्याची टोचणी होती. एकदा कारीनच म्हणाली, "हा कुणाची तरी वाट बघतोय का?" मी विषय बदलला. निघायच्या दिवशी तिने मूर्तीबरोबर माझा फोटो काढला. त्यात मूर्तीचा चेहरा कोरा आहे. तो फोटो आजही माझ्या फोनमध्ये आहे.

घरी आले. बॅग खाली ठेवायच्या आत आबांनी विचारलं, "काढलंस?"

"नाय."

"तेका आंधळोच ठेवन इलंस?"

मी म्हटलं, माती ती माती. आबा म्हणाले, "तो थंय बसान आसा गो. कोण येता काय म्हणान ऐकता."

हे त्यांनी नंतर किती वेळा म्हटलं असेल! जेवताना मध्येच घास थांबवून, कधी दुपारी पडल्यापडल्या. झोप उडाली त्यांची. आई माझ्यावर करवादायची, "काय ता दोन रेघांचा काम, करून येवक काय झाला होता?" मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले अशा आजारात माणूस एकाच गोष्टीला धरून बसतो. मला पटलं. पण मग माझं काय? मला तर काही झालं नव्हतं, तरी वर्गात फळ्यावर चित्र काढता काढता मी थांबायचे, घरी असले की उठून फाटकापर्यंत जायचे आणि रस्ता बघून परत यायचे. कुणी येणार नसायचं.

पाट आले, मूर्ती झाल्या, रंग झाले. चतुर्थी दोन दिवसांवर आली आणि पडवीभर कोरे चेहरे. माणसांना आखणीला दुसरा कुणी मिळाला नव्हता, म्हणून कुणी काही बोलत नव्हतं. सकाळी आबा स्वतःच खुर्ची पडवीत ठेवायला सांगून माझ्या शेजारी येऊन बसले. उजवा हात मांडीवर, कुणीतरी विसरून ठेवल्यासारखा.

पहिला शेजारच्या घरचा. मी ब्रश उचलला, पापणीपर्यंत नेला आणि परत ठेवला.

"आदी दम सोड," आबा म्हणाले. "मगे रेघ वड."

दम सोडला. रेघ ओढली. ती कशी आली ते बघायला मी आबांकडे बघितलं, तर ते पुढच्या मूर्तीकडे बघत होते. तेवढंच मला पुरलं. नंतर हात थांबला नाही. आई जेवायला बोलावून कंटाळली. दुपार कलली तेव्हा शेवटची मूर्ती झाली आणि मी पाठ सरळ केली.

"झाले, आबा."

"एक रवलो."

मी सगळीकडे नजर फिरवली. "एकव रवाक नाय."

"एक रवलो गो. मोकळो पाट ठेव."

आईने दारातूनच मला खुणावलं, दे त्यांना काय हवं ते. मुंबईला कायमच्या गेलेल्या एका घरचा जुना पाट कोपऱ्यात पडून होता, तो मी त्यांच्यापुढे चौरंगावर ठेवला. त्यांनी ब्रश मागितला, डाव्या हातात. ह्या हाताने त्यांना चहाचा कपसुद्धा धड धरता येत नव्हता. त्यांनी ब्रश काळ्यात भिजवला, पुढे वाकले, दम सोडला... आणि मोकळ्या पाटावर, चेहरा असता त्या उंचीला, हवेत दोन रेघा ओढल्या. मग दोन ठिपके. मग ब्रश माझ्याकडे दिला आणि चहा मागितला.

मला रडू आवरेना. म्हातारा माणूस, हयातभराचं काम हातातून गेलं, म्हणून हवेत चित्रं काढतोय... मी तोंड फिरवून ब्रश धुवायला घेतला. त्यात रंग जवळजवळ नव्हताच. पाटावर थेंब नाही, जमिनीवर नाही, आबांच्या कपड्यांवर नाही. म्हटलं, नीट भिजवलाच नसेल.

त्या दिवशी आबा दिवेलागणीपर्यंत गाढ झोपले. आणि माझं फाटकापर्यंत जाणं थांबलं, हे माझ्याही नंतरच लक्षात आलं.

चतुर्थीला सगळे गणपती आपापल्या घरी गेले. आमच्याही गणपतीची पूजा झाली, नैवेद्य झाला. मी ताटावर बसले होते तेव्हा कारीनचा मेसेज आला. ती सुट्टीत आईवडिलांकडे गेली होती, आजच परत येऊन स्टुडिओ उघडला. "डोळे कुणाकडून काढून घेतलेस? मला सांगितलं का नाहीस? किती सुंदर झालेत!" आणि खाली फोटो.

तीच फळी, तीच मूर्ती, डोळे काढलेले. नुकतंच वळून बघितल्यासारखे. ते आबांचे डोळे होते, मी ते कुठेही ओळखेन. पण काहीतरी खटकत होतं, ते फोटो मोठा केल्यावर कळलं. रेघ उजवीकडे जाड होती आणि डावीकडे बारीक. उलटी. डाव्या हाताने ओढली की जशी येते तशी. हातातला मोदक तसाच राहिला.

पुढचे चार दिवस मी उंटावरच्या शहाण्यासारखे तर्क लढवले. आबांच्या गणपतींचे फोटो मी तिथे पुष्कळांना दाखवले होते, कुणीतरी नक्कल केली असेल. कारीनला खोदून खोदून विचारलं. किल्ली तिच्याजवळ होती, कुलूप जसंच्या तसं, आणि ती स्वतः उजव्या हाताची. मग ती जरा चिडलीच. फोटो उलटा झालाय का तेही बघितलं, पण मागच्या खिडक्या आपल्या जागी होत्या. सोंड तर मीच वळवली होती, तीही बरोबर डावीकडे. आबांना मी काहीच दाखवलं नाही. धीर होईना.

गणपती पोचवून आल्यावर संध्याकाळी पडवीत आम्ही दोघंच होतो. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. आश्चर्य वगैरे काही नाही. कपाळाला आठी घातली, आपलं काम आवडलं नाही की घालायचे तशी.

"हलली वायच," म्हणाले. "डाव्या हातान आणि काय होतला."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "आबा, ह्ये कोणी काढले?"

ते फोन परत देत म्हणाले, "आता तेका पाण्यात सोडूक सांग तिका. आणि पाट घरात ठेव म्हणान सांग. तिचो झालो तो." मग पडवीतल्या रिकाम्या फळ्यांकडे बघत बसले. मी उठायला लागले तसे म्हणाले, "बाकीचे सगळे तुझे, गो. बरे झाले. ह्यो एकच माझो होतो."

कारीनने मित्रांना घेऊन जवळच्या तळ्यात मूर्ती सोडली. फळी तिने स्टुडिओत भिंतीला लावून ठेवली आहे. ह्या सगळ्याचा अर्थ काय, हे मला आजही सांगता येत नाही. कुणाला सांगता येत असेल तर जरूर सांगा, फक्त मला त्या उलट्या रेघेचं उत्तर हवं, बाकी सगळ्याला मी स्वतःच कारणं शोधून ठेवलीत.

यंदाचे पाट यायला लागलेत. परवा एक जण पाट ठेवता ठेवता आबांना विचारत होता, आखणी कोण करतलो म्हणून. आबांनी डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं.