साडूंचा गोंद

जगात मोडलेलं असं काही नसतंच, नीट चिकटवायचं तेवढं राहिलेलं असतं, यावर आमच्या कुंडलच्या साडूंइतकी श्रद्धा असलेला माणूस सातारा-सांगली जिल्ह्यांत दुसरा झाला नसेल. लग्नाच्या मांडवात ते नवरानवरीच्या आधी खुर्च्यांचे पाय बघत. माझ्याच मुलीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांना भरल्या ताटावरून उठवलं. "उठा जरा पाव्हणं, तुमी डुगडुगताय," म्हणत खुर्ची उलटी केली आणि खिशातून पाचर काढून ठोकली. खिशात पाचर घेऊन लग्नाला आलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

महाबळेश्वरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातलं सामान विकायला काढलंय असं कळलं, म्हणून ते पलंग आणायला गेले आणि धनुष्य घेऊन आले. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी कधीकाळी ठेवलेलं, परदेशी बनावटीचं, टोकं पुढे वळलेलं लाकडी धनुष्य. तिथल्या पावसानं त्याच्या एकावर एक चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या एका बाजूला सुटल्या होत्या. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, हे काय?" साडू म्हणाले, "पलंग हाय. बाकीचा मागनं येतोय."

पुढे सगळा उन्हाळा माझ्या मेव्हणीचे पापड सावलीत आणि धनुष्य उन्हात. साडूंनी काचेच्या तुकड्यानं जुना रंग खरवडला, दोन नळ्यांतला गोंद कालवून सुटलेल्या पट्ट्यांत भरला आणि वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या. दोरी स्वतः वळली, तिला मेण लावलं. वापर झाला की दोरी उतरवून ठेवायची, हा त्यांचा नेम. "सारखं ताणून ठिवल्यावर कोण टिकंल वो?" असं म्हणत आणि मेव्हणीकडे बघत. ती म्हणे, "मी टिकले न्हवं?"

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही साताऱ्याहून कुंडलला गेलो. करवत, रंधा, कुदळ यांच्या शेजारी पाटावर धनुष्य मांडलं होतं, पण दोरी उतरवलेलं, म्हणजे नुसती वाकडी काठी. साडू झेंडू आणायला मळ्यात गेले होते. मला वाटलं, पूजेला धनुष्य कसं कॅलेंडरातल्या रामाच्या हातात असतं तसं दिसावं. टोकं वळली होती त्याच बाजूला मी ते गुडघ्यावर दाबून वाकवलं आणि दोरी चढवली. ते विरुद्ध बाजूला वाकवायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. टक् असा बारीक आवाज झाला. घाबरून दोरी उतरवली, होतं तसं ठेवलं आणि हात जोडून उभा राहिलो.

संध्याकाळी उसाच्या पाचटाच्या भाऱ्यावर नेम धरून साडूंनी दोरी ओढली आणि सगळ्या भावकीसमोर धनुष्य मोडलं. त्यांनी तुकडे गोळा केले. "गोंद कच्चा ऱ्हायला माझा," एवढंच म्हणाले. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "जुन्या वस्तूच्या नादी लागूच नये."

त्यांनी तुकडे धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकले, पुन्हा उघडले नाहीत. घरातल्या पोरांत मात्र जे टिकत नाही त्याला 'काकांचा गोंद' म्हणायची रीत पडली. मीही हसलो त्यात. पुढच्या एका लग्नात त्यांची स्वतःचीच खुर्ची डुगडुगत होती. मी वाट पाहिली. ते उठले आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले.

साडू गेले. यंदा मेव्हणीनं माळा आवरताना ते गाठोडं माझ्यासमोर सोडलं. धनुष्य साडूंनी चिकटवलेल्या सांध्यावर नव्हे, त्याच्या वर दोन बोटांवर मोडलं होतं, मी दाबलं होतं तिथं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं धोतराची घडी घातली. मग म्हणाली, "आवं, त्ये असताना बोलायचं हुतं की."

तुकडे मी साताऱ्याला आणलेत. अधूनमधून त्या सांध्यात नख घालून बघतो. अजून शिरत नाही.