गोधडीतून निघालेली बाही

"आधी बस, मग बघ," हे आक्काचं ठरलेलं वाक्य. तिच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागे, मग ती शेजारीण असो नाहीतर विजेचं मीटर बघायला आलेला माणूस. बसायचं कुठे, ते मात्र ती सांगत नसे. खोली केवढी, तर चार पावलांची, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गोधडी अंथरलेली. गोधडीवरच बसायचं आणि गोधडीकडेच बघायचं.

आक्का उरल्यासुरल्या कापडांच्या गोधड्या शिवे. हाताने. मशीनला तिने उभ्या आयुष्यात बोट लावलं नव्हतं. शिंप्यांकडचं कातरण पोत्यात भरून आणायचं, रंग बघून नाही तर हाताला कसं लागतं ते बघून निवडायचं, थरावर थर मांडायचे आणि धावदोरा घालत जायचं. सुरुवात काठापासून. चारी बाजूंनी एक फेरी, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. तळ्यात खडा टाकला की तरंग बाहेर जातात. आक्काचे तरंग बाहेरून आत येत, आणि शेवटचा टाका बरोबर मधोमध पडे. एवढं मोठं अंथरूण, पण कुठे चुणी नाही की फुगा नाही.

मोठ्या रस्त्यावरचे टेलरमास्तर याला काम म्हणायलाच तयार नव्हते. ते कोट शिवत. दर आठवड्याला आक्का त्यांच्या टेबलाखाली वाकून पोतं भरू लागली की मास्तर वरून म्हणत, "न्या आक्का, न्या. राजवाड्याचे पडदे शिवताय म्हणे!"

आक्का खालूनच म्हणे, "नाही हो मास्तर, तुमची अक्कल सांडते ना इथे, ती वेचून नेते. वाया कशाला घालवा?"

शेजारी काजं करत बसलेली मास्तरांची बायको तोंडावर हात धरून हसे. एकोणीस वर्षं हे असं चाललं. आक्काची खोली दुकानामागे दोनच गल्ल्या सोडून, पण मास्तरांनी तिचा उंबरठा कधी पाहिला नव्हता.

मग नावाड्याचा कोट आला. नदीवर नाव चालवणारा हा माणूस मुलीच्या लग्नात घालायला कोट शिवून घेत होता. तपकिरी लोकरीचं कापड, एका अंगाला मऊ लव. त्याच्या भावाने जहाजावरून येताना आणलेलं. भाऊ पुढे वारला आणि कापड बारा वर्षं पेटीत राहिलं. तसं कापड आता शोधूनही मिळालं नसतं, आणि होतं तेही जेमतेम.

जेमतेम म्हणूनच मास्तरांनी ते दुहेरी न घालता एकेरी पसरलं. बाहीच्या मापाचा कागद ठेवला, एक बाही कापली. दुसरीसाठी कागद पालथा घालायला हवा होता. तो त्यांनी नुसताच पुढे सरकवला आणि दुसरी कापली. तीन दिवसांनी बाह्या चढवायला घेतल्या तेव्हा हात थांबला. दोन्ही बाह्या डाव्या! लव एकाच अंगाला, त्यामुळे उलटवायचीही सोय नाही. लग्न चार दिवसांवर आलेलं.

"नावाड्याचे दोन्ही हात डावेच आहेत का हो?" बायकोने हसत विचारलं. नवऱ्याचा चेहरा बघितला आणि तिचं हसू जागीच जिरलं. "कातरण बघा ना."

"कातरण आक्काने नेलं."

चाळीस वर्षांचं नाव त्या एका बाहीला लोंबकळत होतं. मास्तर दोन्ही बाह्या आणि कागद बगलेत मारून निघाले.

आक्काच्या दारात ते उभेच राहिले. दुकानात त्यांना अहो-जाहो करणारी आक्का इथे मान वर न करता म्हणाली, "आधी बस, मग बघ."

मास्तर बसले. आपल्याच टेबलाखालचा कचरा त्यांना आधी ओळखूच येईना. डाकवाल्याचा खाकी, शाळेतल्या बाईंच्या झग्याचा निळा, कुणाच्या तरी कॉलरीचा उरलेला पांढरा. एकेक तुकडा असा बसलेला, जणू दुसरीकडे तो बसूच शकला नसता. टाके तांदळाएवढे, आणि हजारो. त्यांनी एका ओळीवर नख फिरवलं, टाक्यात कुठे उणं-अधिक सापडतंय का बघितलं. सापडेना. मग त्यांनी बगलेतल्या बाह्या पुढे ठेवल्या आणि कशासाठी आलो ते सांगितलं.

आक्काने ऐकून घेतलं. "तुझी लोकर इथेच आहे. आतल्या थरात. बेकरीवाल्याच्या सुनेला बाळ व्हायचंय, त्याला ऊब नको का?"

"आतल्या थरात? मग सापडायची कशी?"

आक्काने डोळे मिटले आणि गोधडीवरून तळवा फिरवला. आंधळा ओळखीच्या चेहऱ्यावरून फिरवतो तसा. "हा एक. इथे दुसरा. हे दोन जोडून लावलेत." सात ठिकाणी तिने टाचणी टोचली. मग उसवायला बसली. तीन दिवसांच्या फेऱ्या, पण दोरा तिने एकदाही तोडला नाही. ओढत गेली आणि बोटाला गुंडाळत गेली. सातही टाचण्यांखाली तपकिरी लोकर निघाली. एकही टाचणी चुकली नाही.

"पण हे तर बोटबोटभर," मास्तर खचून म्हणाले. "यात बाही कुठली होणार?"

"अरे, बाही तुझ्या बगलेत आहे की! त्या चुकलेल्या डावीवर कागद पालथा ठेव, उजवीसारखा. लव खालीच जाऊ दे."

मास्तरांनी ठेवला. कापड फक्त कडांना कमी पडत होतं. चार ठिकाणी, बोटभर. चाळीस वर्षं कोट कापणाऱ्याला हे सुचलं नव्हतं, कारण कमी पडलेलं कापड त्यांनी नेहमी खाली टाकलं होतं.

दोन दिवस आक्का ती बाही शिवत होती आणि मास्तर दुकान बायकोवर टाकून बघत होते. तिने लोकरीचेच धागे ओढून सुईत ओवले. तुकड्याची कड बाहीच्या कडेला नुसती भिडवली, वर चढवली नाही, आणि आतल्या अंगाने टाके घातले. मग ओलं फडकं, गरम इस्त्री, आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने लव खाली वळवली. सांधा नाहीसा झाला. मास्तरांनी बाही दाराशी उजेडात नेली, तिरकी धरली, गालाला लावली. 

लग्नाच्या आदल्या दुपारी नावाडी मुलीला घेऊन कोट घालून बघायला आला. त्याच वेळी आक्का पोतं घेऊन टेबलाखाली. मुलगी नजरेची तिखट, तिने खांद्यापासून मनगटापर्यंत कोट तपासला आणि म्हणाली, "बाबा, साहेब दिसताय. फक्त नाव चालवायला बसू नका यात."

नावाड्याने दोन्ही हात पसरले. "मास्तर, तुमच्यासारखा हात नाही या गावात."

मास्तर हसून मान डोलवू शकले असते. बायको त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी गळ्यातली टेप काढली, पुन्हा घातली.

"उजवी बाही माझी नाही," ते म्हणाले. "मी चुकीची कापली होती. आक्काने जोडली."

नावाड्याचा चेहरा उतरला. त्याने बाही डोळ्यांजवळ नेली. "कुठे जोडलीय?"

"मलाही सापडत नाही," मास्तर म्हणाले.

"भावाचं कापड वाया गेलं का? तेवढं सांगा."

टेबलाखालून आक्का कमरेवर हात ठेवत उठली. "जोडून उरलेलं एका होणाऱ्या बाळाच्या गोधडीत घातलंय, पायाशी. वाया काही गेलं नाही."

 डाव्या हाताने नावाडी उजवी बाही वरून खाली कुरवाळत राहिला, लव जायची तशी. मग त्याने कोटाची सगळी बटणं लावली.

"येते हो मास्तर," म्हणत आक्काने पोतं खांद्यावर टाकलं. मास्तर आधी दारातून बाजूला झाले, मग तिच्या मागे पायरी उतरून रस्त्यावर आले. आक्का उन्हातून जात होती, पोत्याच्या भाराने एका अंगाला कललेली, वाटेतल्या सायकलीला वळसा घालून. मागे दारात नावाडी, त्याची मुलगी आणि हातात सुई तशीच धरून मास्तरांची बायको. कोपऱ्यावर ती वळली. आणखी थोडा वेळ चौघांपैकी कुणीच आत गेलं नाही.