आत्या, आई आणि हिरवा चुडा

इथे सोशल मीडियावर एक मोठीच गैरसोय आहे. कुणी गेलं की रडकं तोंड दाबता येतं, जोडलेले हात टाकता येतात. 'चला, एकदाची गेली' असं बटणच नाही.

आत्या काल गेली. वय त्र्याण्णव.

फॅमिली ग्रुपवर सकाळपासून 'मायेची सावली हरपली' चाललंय. सावली होती खरी. माझी आई त्याच सावलीत गेली.

साठचं दशक सरत आलं होतं. तारापूरचं अणुवीज केंद्र उभं राहत होतं आणि बाबा तिथे लोखंडी सळया वाकवायचे. आम्ही सालवडला भाड्याने. बाबांची ही थोरली बहीण शेजारच्याच खोलीत. मी दहा वर्षांची.

काकाच्या लग्नात कासार चुडा भरायला आला. आईचा हात जाडसर. त्यात मधुमेह.

"वहिनी, ही लहान पडतेय," कासार आईला म्हणाला.

"साबण लाव आणि चढव," आत्या म्हणाली. "सैल बांगड्या शोभतात का बाईला?"

एक बांगडी फुटली. मनगटावर ओरखडा. एवढासाच.

तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत लाल, टम्म. बांगड्या मांसात रुतलेल्या. अंगात ताप.

किनाऱ्याकडच्या गावातली एक नर्सबाई आली. तिने आईची लघवी निळ्या औषधात उकळली. नळीतला रंग विटेसारखा झाला.

"रक्तात साखर वाडली का अंगातले राखणदार सुस्त पडतात, बाय. जंतूला मोकळं रान. आनि जंतू वाडला का साखर आनखी वाडते. पयल्या बांगड्या फोडा, मग पालघरला न्या. आजच."

"फोडा?" आत्या कडाडली. "माझा भाऊ धडधाकट उभा आहे समोर!"

"बरं, वाढवा म्हना. पन काडा!"

"घरात नवी नवरी आहे. परवा सत्यनारायण. झाला की बघू."

नर्सबाईने बाबांकडे पाहिलं. दिवसभर लोखंड वाकवणारा माणूस. बहिणीचा शब्द काही त्याला वाकवता आला नाही.

सत्यनारायण यथासांग झाला. प्रसादाचा शिरा उत्तम होता म्हणे.

पालघरच्या दवाखान्यात बांगड्या कापल्या तेव्हा विष अंगभर भिनलं होतं. दोन दिवसांत आई संपली.

घरी आणल्यावर आत्याने नवा हिरवा चुडा मागवला. सुजलेल्या हातात तो चढेना, म्हणून उशाशी ठेवला.

"अहेव गेली. भाग्याची," असं म्हणाली. माझ्यासमोर.

मी तिला कधी एक शब्द बोलले नाही. फक्त आयुष्यात काचेची बांगडी घातली नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा. आणि तिच्या प्रत्येक हळदीकुंकवाला न चुकता गेले. हळद लावून घ्यायला दोन्ही मोकळे हात तिच्या पुढ्यात. दरवर्षी.

एकदाच म्हणाली, "अगं, एखादी तरी घाल."

"मुद्दाम घालत नाही, आत्या."

"ठाऊक आहे मला."

बस. 

आता जे लिहितेय ते लिहिताना आवळलेले दात दुखतात. आई गेल्यावर वर्षभर, रोज शाळेआधी, माझ्या दोन वेण्या आत्यानेच घातल्या. एकही दिवस चुकवला नाही.

काल तिला न्यायच्या आधी मी फणी मागून घेतली. डोकं मांडीवर घेतलं. उरलेल्या चार केसांची वेणी घातली, गुंता न ओढता.

माफ केलेलं नाही. एवढं देणं होतं, ते फिटलं.

जा, आत्या.