पखवाजापुरती कणीक

सून परातीत कणीक भिजवायला बसली, की त्या ओल्या वासासरशी मी रहिमतपुरात जाऊन पोचतो. महायुद्ध चालू होतं. रेशनवर किडकी ज्वारी मिळायची, आणि गहू दिसायचा तो आमच्यासारख्या मळेवाल्यांच्या घरी. तिथल्या एका बुवांकडे मी पखवाज शिकायला जायचो. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, आणि ही कणीक शिष्याने घरून आणायची असा रिवाज होता. बुवांची ओढाताण ओळखून आईने एकदा मुद्दाम नारळाएवढा गोळा बांधून दिला. बुवांनी त्यातली लिंबाएवढी कणीक तोडली आणि उरलेला गोळा फडक्यासकट माझ्या मांडीवर ठेवला. "घरी ने. एवढी लय झाली." "आवं बुवा, आईनं तुमास्नीच..." "वाद्याला म्हनून आनलीस न्हवं? मग वाद्यापुरतीच." शिकवणी संपली तशी त्यांच्या बायकोने डाव्या तोंडावरची कणीक नेहमीसारखी खरवडून घेतली. "गाईला घालते," त्या म्हणाल्या. अंगणातला खुंटा तर कधीचा रिकामा होता. मी फडकं उचलून उठणार, तोच आत तवा चरचरला आणि भाजल्या कणकेचा वास बाहेर आला. बुवांनी माझ्याकडे बघितलं नाही. "बस रं," ते म्हणाले, "पुन्ना एकदा वाजीव. जोरात." मी वाजवत राहिलो. कणकेवाचून पखवाज नुसता फटफटत होता, आणि मांडीवरचा गोळा ओलाच होता.