घेतली, पण विकत नव्हे

चार वर्षं आमच्या पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी आमची नव्हती, आणि हे घरात फक्त मला ठाऊक होतं.

म्हणजे, मला तसं वाटत होतं.

मी मुळात फार बोलत नाही. लोकांना वाटतं, माणूस गंभीर आहे. खरं कारण असं, की कमी बोललं की कमी लपवावं लागतं. पण आता पन्नाशी उलटली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी चालू केली आहे, तिच्याबरोबर थोडा खरेपणाही पोटात जावा असं मी ठरवलंय. तेव्हा सांगूनच टाकतो.

तो काळ सॉफ्टवेअरचा होता. हिंजवडीला काल ऊस होता तिथे आज काचेची इमारत, अशी पिकं निघत होती. आमच्या पगाराच्या कागदावर दर महिन्याला एखादा नवा इंग्रजी शब्द उगवायचा. त्यातलाच एक म्हणजे कार लीज. गाडी एका लीजवाल्या कंपनीची, हप्ता आपल्या पगारातून, कर थोडा वाचतो, आणि मुदत संपली की दोन रस्ते: आधीच ठरलेला आकडा भरून गाडी विकत घ्या, नाहीतर किल्ली परत करा. तोवर गाडी भाड्याची. मी सही केली आणि पांढरीशुभ्र गाडी चालवत धायरीला आलो, आमच्या फ्लॅटवर (तोही 'घेतलेला', पण तो विषय वेगळा).

खाली बाबा उभे होते. बाबा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत ऑफिसच्या जीपमध्ये एकदाही स्वतःच्या कामासाठी बसले नाहीत. माझ्या जन्माच्या वेळी अमरावतीला आईला कळा सुरू झाल्या, साहेब स्वतः म्हणाले जीप घेऊन जा, आणि बाबा टांगा शोधायला गेले. मी टांग्यात जन्मायचा थोडक्यात वाचलो, असं आई सांगायची. कौतुकाने नव्हे. 'ऑफिसची गाडी घरी वापरणारा माणूस' ही बाबांच्या तोंडची सर्वांत घाण शिवी होती.

त्यांनी गाडीवरून हात फिरवला आणि विचारलं, "घेतली का?"

आता मराठी भाषेचा दोष मी माझ्या डोक्यावर का घेऊ? औषध घेतो, सुट्टी घेतो, शेजाऱ्यांची शिडी घेतो. 'घेणे' म्हणजे काय, हे समोरच्याने ठरवायचं असतं. मी म्हणालो, "घेतली."

खोटं एका अक्षराचंही नव्हतं. बाबांचे डोळे भरून आले. आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. त्यांनी आजूबाजूला पेढे वाटले, आणि गाडीपुढे उभं राहून आम्हा सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेतलं. त्यातलं दुसरं शील न दिलेलं न घेण्याचं. त्या ओळीला मला खोकला आला. माझी बायको सुजाता हिने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि पुढची ओळ म्हटली.

चार वर्षं गाडी आम्ही मनसोक्त वापरली. बाबा दवाखान्यात, विहारात, कसब्यातल्या त्यांच्या जुन्या मित्राकडे गाडीनेच जायचे आणि मित्राला खिडकीतून खाली बोलावून गाडी दाखवायचे (कसब्याच्या गल्लीत गाडी शिरली की बाहेर काढायला मित्राची सगळी आळी लागायची, प्रेक्षकांची कमतरता कधी पडली नाही). मी दर वेळी ठरवायचो, आज सांगू. आणि दर वेळी बाबा म्हणायचे, "माझ्या मुलाने घेतली." मग मी पेट्रोल भरायचो.

आणि एक दिवस मुदत संपत आली.

ऑफिसातला एक तरुण सहकारी या विषयातला जाणकार समजला जायचा. तो म्हणाला, "सर, सिंपल आहे. कंपनीचा आकडा एका बाजूला, मार्केटमधला रीसेल दुसऱ्या बाजूला. रीसेल जास्त असेल तर घेऊन टाका, कमी असेल तर रिटर्न. इमोशनल नाही व्हायचं."

"आणि रीसेल कळणार कसा?"

"खरं गिऱ्हाईक आणा. डीलर लोक काहीही सांगतात."

मी तिथल्या तिथे निश्चय केला. भावना नाहीत, आकडे. आयुष्यात मी निश्चय फार कमी केले आहेत, त्यामुळे हा मला फारच आवडला. मी वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली: कौटुंबिक गाडी, एकहाती वापर, सुस्थितीत, विकणे आहे. खाली घरचा फोन. विकायची नव्हतीच, विकता येणारही नव्हती. नुसता भाव कळायला हवा होता.

माझी एक चूक झाली. बाबा वर्तमानपत्र शेवटच्या पानावर छापणाऱ्याचं नाव येईपर्यंत वाचतात, हे मी विसरलो.

रविवारी सकाळी ते पेपर घेऊन माझ्यासमोर बसले. "हा फोन आपला आहे."

"हो."

"गाडी विकून राहिला तू?"

बाबांना पुण्यात येऊन उभी हयात झाली, एरवी अगदी शुद्ध बोलतात. रागावले की मात्र अमरावतीला पोचतात.

"विकत नाहीये. भाव बघतोय."

"कायले? पोरीचा भाव बघते का कोणी, लग्न करायचं नाही तर?"

तेवढ्यात फोन वाजला. नारायण पेठेतले कोणी करंदीकर. "दहाला येतो. गाडी धुवू नका. ओल्या गाडीवरचे ओरखडे दिसत नाहीत."

बाबा उठले आणि स्वयंपाकघरात सुजाताशी काहीतरी बोलले. मला फक्त शेवटचं ऐकू आलं. "मी खोटं बोलणार नाही, सूनबाई. पण खरं बोलायला कोण अडवते मले?"

दहाला करंदीकर आले. सडपातळ, हातात छत्री, चेहऱ्यावर 'मला फसवून दाखवा' असा भाव. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली. मी तोंड उघडणार तोच बाबा पुढे झाले.

"हा पोचा बघितला का? पार्किंगच्या खांबाचा. तिकडून दुसरा आहे, त्याच खांबाचा."

"खांब हलतो का?" करंदीकरांनी विचारलं.

"नाही. माझा मुलगा चालवतो."

मी हसलो. करंदीकर हसले नाहीत.

"पावसात ड्रायव्हरच्या पायाशी पाणी येतं," सुजाता म्हणाली. ती गॅलरीतून चहाचं विचारायला म्हणून खाली आली होती आणि गेलीच नव्हती. "मी एकदा त्यातून भाजीची पिशवी वाचवली होती."

"क्लच?" करंदीकर मला म्हणाले.

"उत्तम."

"उत्तम," बाबा म्हणाले, "पण हा पूर्ण सिंहगड रोड पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये संपवतो. आता क्लचवर पाय ठेवला की गाडीच्या आधी वास पुढे जातो."

"एसी?"

"चालतो," मी घाईने म्हणालो.

"हिवाळ्यात," सुजाता म्हणाली.

करंदीकरांनी छत्री बगलेत धरली. "तुम्ही गाडी विकताय की शोकसभा घेताय?"

इथे माझं काय झालं, मला सांगता येणार नाही. मला नुसता भाव हवा होता, पण मी गाडीच्या बाजूने भांडायला लागलो. इंजिनाचं कौतुक केलं, सीटकव्हरचं केलं, शेवटी डिकीचंसुद्धा केलं. करंदीकरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एक आकडा सांगितला. तो कंपनीच्या आकड्याच्या बराच खाली होता.

झालं! ठरलेल्या नियमाप्रमाणे उत्तर मिळालं होतं: किल्ली परत. बाबांनी आणि सुजाताने गाडी घरात राहावी म्हणून तिचा जेवढा कचरा केला, तेवढी ती घराबाहेर गेली होती. आणि हे त्या दोघांना समजावून सांगायची सोय नव्हती, कारण त्यासाठी आधी खरं सांगावं लागलं असतं.

"विचार करा," करंदीकर म्हणाले. "बाकी, विकत कधी घेतलीत?"

"चार वर्षं झाली घेऊन."

"घेऊन ते कळलं. विकत?"

पेठेतल्या माणसाला शब्द मोजून घ्यायची सवय असते. मी म्हणालो, "म्हणजे... तेव्हाच घेतली."

"अहो, विकत ना?"

"सांग ना बेटा," बाबा म्हणाले. आता त्यांच्या आवाजात अभिमान होता. "सांग, विकत घेतली म्हणून."

मी खांबाकडे बघितलं. त्या खांबाने मला आजवर दोनदा थांबवलं होतं. या वेळी काही मदत केली नाही.

"बाबा, गाडी आपली नाही. ऑफिसच्या योजनेतली आहे. भाड्याची."

 

करंदीकर सगळ्यात आधी सावरले. "म्हणजे गाडी तुमची नाही, ती विकायची नाही, आणि भाव विचारायला मला नारायण पेठेतून धायरीला बोलावलंत."

"चहा तरी घ्या," मी म्हणालो.

"चहा आपला स्वतःचा आहे ना?" एवढं बोलून ते बसस्टॉपकडे चालते झाले.

बाबा हळूच म्हणाले, "ऑफिसची गाडी."

"ऑफिसची नाही, बाबा. लीजची. पगारातून पैसे कापतात. आणि न दिलेलं कुठे घेतलं? कंपनीने दिलं, म्हणून घेतलं. शील मोडलं नाही."

"शीलात वकिली नको शिकवू मले," ते म्हणाले आणि जिन्याने वर गेले. लिफ्टही घेतली नाही. (ती कोणाची आहे, याची त्यांना आता खात्री उरली नसावी.)

मी सुजाताकडे वळलो. "तुला धक्का बसला असेल."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"कसं?"

"अहो, तुम्ही मंडईतून कोथिंबीर आणली तरी दारातच भाव सांगता. एवढी गाडी आणलीत आणि किंमत नाही सांगितलीत?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही स्वतः कधी बोलता, ते बघत होते. चार वर्षं लागतील असं नव्हतं वाटलं."

दुसऱ्या दिवशी बाबांची रक्तदाबाची तपासणी होती. मी किल्ली घेऊन खाली आलो तर बाबा रस्त्यावर, बसस्टॉपवर. मी गाडी त्यांच्यासमोर उभी केली.

"बसा, बाबा. ऊन आहे."

"ही बसस्टॉपची जागा आहे. गाडी पुढे घे."

मागे बस हॉर्न वाजवत होती. बाबा तिच्यात चढले. मला काही सुचेना, म्हणून मी बसच्या मागे निघालो. पूर्ण सिंहगड रोडभर पुढे बाबा बसमध्ये उभे आणि मागे मी एकटा चार रिकाम्या सीटा घेऊन, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. प्रत्येक स्टॉपला मी खिडकीतून हाक मारायचो. प्रत्येक स्टॉपला बाबा दुसरीकडे बघायचे. एका प्रवाशाने त्यांना विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "काका, तो गाडीवाला तुमच्या ओळखीचा का?"

"गाडीवाला नाही तो," बाबा म्हणाले.

दवाखान्यात रक्तदाब वाढलेला निघाला. दोघांचाही.

बाहेरच्या बाकावर बसून मी बाबांना सगळं सांगितलं: आकडा, रीसेल, आणि माझा निश्चय. "हिशोब सरळ आहे, बाबा. बाजारात गाडीला तेवढी किंमत नाही. घेतली तर नुकसान आपलं. परत करणं शहाणपणाचं."

बाबांनी विचारलं, "किंमत काऊन उतरली?"

"पोचे, क्लच, ते पाणी..."

"पोचे कोणी पाडले?"

"मी."

"क्लच कोणी जाळला?"

"मीच."

"मग दुसऱ्याची वस्तू नवी आणायची, चार वर्षं खांबावर आपटायची, आणि किंमत उतरली म्हणून त्याच्याच दारात नेऊन सोडायची?"

"बाबा, करारात चालतं तसं."

"करारात चालत असेल. मले नाही चालत."

माझा निश्चय तिथेच, त्या बाकावर, बाजारभावाच्याही खाली गेला. माझ्या सगळ्या आकडेमोडीत एक गोष्ट धरलीच नव्हती, की रीसेल ज्याने उतरवला तो मीच होतो. मी त्याच आठवड्यात कंपनीचा आकडा भरला. ऑफिसातला तो जाणकार हळहळला. "सर, तुम्ही इमोशनल झालात." मी म्हणालो, "नाही, मी मालक झालो." (वाक्य चांगलं होतं, फक्त ते म्हणायला मला बाजारभावापेक्षा बरंच जास्त लागलं.)

गाडी खरोखर आपली झाल्यावर बाबांनी पुन्हा पेढे आणले. शेजाऱ्यांनी विचारलं, "नवीन घेतली?" बाबा म्हणाले, "नाही, तीच. या वेळी विकत." लोकांनी पेढे घेतले आणि बाबांच्या वयाकडे बघून मान डोलावली. मग गाडीपुढे पुन्हा पंचशील झालं. दुसरं शील मी एवढ्या मोठ्याने म्हटलं, की वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले.

बाबा पुढच्या सीटवर बसले. पट्टा लावला, डॅशबोर्डवर हात फिरवला, आणि समाधानाने मान वर करून आमच्या खिडक्यांकडे बघितलं. बघता बघता त्यांच्या कपाळावर एक आठी आली.

"आणि बेटा, हा फ्लॅट?"

"घेतलाय, बाबा," मी म्हणालो, आणि गाडी सुरू केली. समोर खांब होता.