मागच्या सीटवरचा मिस्त्री

गोंदियात माझ्या गॅरेजसमोरचा मिस्त्री मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचा आणि मालकाला राइस मिलच्या आवारात गाडी गोल फिरवायला लावायचा. मी हसायचो.

एका मास्तरांची गाडी वळताना कटकट वाजे. मी स्टिअरिंग बदललं, आवाज तसाच राहिला. मग मास्तर समोर गेले. त्या मिस्त्रीनं दोन फेऱ्यांत सांगितलं, "डाव्या एक्सलचा जॉइंट गेला जी. रबर फाटून ग्रीस वाहून गेलं."

जॉइंट बदलताच आवाज थांबला. मास्तर मला म्हणाले, "तुमाले काऊन नाही समजलं?"

मी जळून म्हणालो, "मीच शिकवलं त्याले."

मास्तरांनी त्याला विचारलं. माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "हो जी, उस्ताद हायेत."

पुढे मीही मागं बसून ऐकू लागलो. लोक मला म्हणत, समोरच्या चेल्यानं तुमचीच सवय उचलली. मी डोळे मिटून घ्यायचो.

उस्ताद तो होता.